बारावा थेंब

“अजून निळं आहे रे,” डॉक्टर म्हणाले.

“हो डॉक्टर,” कंपाउंडर म्हणाला आणि त्याने वहीत सातचा आकडा लिहिला.

त्याच्या हातातल्या काचेच्या नळीत टाकीतलं पाच मिलिलिटर पाणी होतं आणि ते त्याच्या मते चांगलं पिवळं झालेलं होतं. खात्रीसाठी त्याने नळी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. पिवळं म्हणजे पिवळंच. पण डॉक्टरांशी वाद घालायचा नाही ही त्याची चाळीस वर्षांची रीत होती, आणि आता तर वादात काही अर्थही उरला नव्हता. सकाळचा चहा घेतला की नाही हे ज्यांना दहा मिनिटांनी आठवत नाही, त्यांच्याशी निळ्यापिवळ्यावरून कोण हुज्जत घालणार?

चाचणी तशी सोपी होती. नळीतल्या पाण्यात औषधाचा पहिला थेंब पडला की पाणी निळं होतं. मग एकेक थेंब टाकत, हलवत, मोजत जायचं. निळं फिकं होत होत ज्या थेंबाला पिवळं होईल तो आकडा धरायचा. पाण्यात सोडा किती मुरलाय हे त्यावरून कळतं. आठ-नऊ आले तर टाकीतले जीव खूश, कमी आले तर सोडा घालायचा. गेले दोन महिने आकडा सहा-सातच्या वर चढायला तयार नव्हता आणि कंपाउंडर रोज सकाळी वजन करून सोडा घालत होता. तरीसुद्धा प्रवाळाची टोकं पांढरी पडत चालली होती.

टाकी डॉक्टरांच्या पुढच्या खोलीत होती, चार फूट लांब, कमरेएवढ्या कपाटावर ठेवलेली. चौदा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ती हौसेने मांडली तेव्हा त्यातलं प्रवाळ अंगठ्याएवढं होतं. आता ते मोठ्या परातीएवढं पसरलं होतं, फांद्याफांद्यांचं, जांभळट. घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, हे झाड कसलं? आणि डॉक्टर प्रत्येकाला तेवढ्याच उत्साहाने सांगायचे, की झाड नव्हे, हा प्राणी आहे. एक नव्हे, हजारो. प्रत्येक फांदीवर टाचणीच्या टोकाएवढी तोंडं आहेत आणि ती सगळी मिळून पाण्यातला चुना गोळा करतात आणि आपल्याखाली हाड बांधतात. डॉक्टर पुस्तकं वाचून सांगायचे, कंपाउंडर मोजून घालायचा. दवाखान्यात जे चालायचं तेच इथे चालू होतं, फक्त पेशंट खाऱ्या पाण्यात होते.

कंपाउंडरला त्या प्रवाळाचं पहिल्या दिवसापासून नवल वाटत आलं होतं. आयुष्यभर त्याने पुडी पाण्यात विरघळवून औषधं बनवली. इथे कुणीतरी बरोबर उलटं करत होतं. पाण्यासारख्या पाण्यातून, जिथे डोळ्यांना काहीही दिसत नाही तिथून, दगड काढत होतं. ना हात, ना डोळे, ना कसला गाजावाजा. कित्येकदा चाचणी संपली तरी तो भिंग घेऊन काचेला नाक लावून उभा राहायचा. बायकोला एकदा त्याने सगळं समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली, “एवढं कौतुकाने माझ्याकडे बघितलं असतंत तर मीही फांद्या काढल्या असत्या.”

डॉक्टरांचं विसरणं दवाखाना चालू असतानाच सुरू झालं होतं. ते फक्त कंपाउंडरला ठाऊक होतं. तपासणीची खोली आणि औषधांची खोली यांच्यामध्ये एक छोटी खिडकी होती आणि त्या खिडकीतून चिठ्ठ्या यायच्या. शेवटच्या तीन वर्षांत त्या चिठ्ठ्यांमध्ये चुका यायला लागल्या. लहान मुलाला मोठ्या माणसाचा डोस, एकच गोळी दोनदा, कधी कालच्या पेशंटचं औषध आजच्याला. कंपाउंडर खिडकीतून “हो डॉक्टर” म्हणायचा आणि आत बरोबर ते औषध बांधायचा. कुणाला कळलं नाही. डॉक्टरांनाही नाही. डोळ्यांत तेल घालून त्याने ती तीन वर्षं काढली आणि मग डॉक्टरांच्या लेकीने, दुसऱ्याच कुठल्या तरी कारणाने, दवाखान्याला कुलूप लावलं. त्या दिवशी त्याने घरी जाऊन पाच तास झोप काढली.

आता डॉक्टरांना त्याचं नाव आठवत नव्हतं. पण रोज सकाळी नऊ वाजता तो येऊन टाकीपाशी नळ्या मांडायला लागला, की ते आपली खुर्ची ओढून समोर बसायचे आणि अकरापर्यंत हलायचे नाहीत. दिवसभरात त्यांना शांत असे तेवढे दोनच तास मिळत. बाकीचा वेळ ते दारापाशी. “पेशंट खोळंबलेत, मला जाऊ दे,” म्हणत कडी शोधायचे. मागच्या महिन्यात त्यांना ती सापडली होती आणि ते चार गल्ल्या पलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर सापडले होते, पायात एकच चप्पल.

“काका, जरा आत या,” लेकीने हाक मारली. ती घरूनच कुठल्याशा कंपनीचं काम करायची आणि वडील टाकीसमोर असतात तेवढ्या वेळात कामाचा डोंगर उपसायची.

कंपाउंडर आत गेला.

“काल माशांच्या टाक्या विकणारा तो दुकानवाला येऊन गेला,” ती म्हणाली. “टाकी बघितली त्यानं. म्हणाला, मोठं प्रवाळ महिनाभरात जाणार, आणि ते सडायला लागलं की बाकीचं सगळं घेऊन जाणार. तो म्हणाला, अजून जिवंत आहे तोवर सगळं उचलून नेतो, त्याच्याकडे वाचेल कदाचित. मी त्याला रविवारी बोलावलंय.”

“रविवार म्हणजे चार दिवस.”

“हो.”

“आणि डॉक्टर?”

तिने टेबलावरची पेन्सिल उचलली, ठेवली. “एक जागा बघून आलेय मी. चांगली आहे. बाग आहे, चोवीस तास माणसं असतात. काका, टाकी आहे म्हणून मी निभावतेय. टाकी गेली तर माझ्यानं नाही होणार हो. मी काय दगडाची आहे का?”

“तू काही वावगं करत नाहीयेस ताई,” कंपाउंडर म्हणाला. तिच्या जन्माच्या वेळी पेढ्यासारखं गुंडाळलेलं ते बोचकं त्याने औषधांच्या खोलीतल्या तागडीत ठेवून तोललं होतं, दवाखान्यातला बाळांचा वजनकाटा नेमका बिघडला होता म्हणून. “मला रविवारपर्यंत वेळ दे. आकडा वर काढतो.”

त्या दिवशी त्याने नेहमीपेक्षा थोडा जास्त सोडा घातला.

घरी गेल्यावर जेवणावर त्याचं लक्ष नव्हतं. बायकोने उद्याचा सदरा काढून ठेवला होता. त्याने तो हातात घेऊन निरखला. “हा परत पिवळाच,” तो म्हणाला. “साबण बदल म्हणून वर्षभर सांगतोय.”

“तीन साबण बदलले,” बायको म्हणाली. “नीळ घातली. उन्हात वाळवला. दुधासारखा पांढरा आहे तो. तुम्हाला माझ्या कामात खोट काढल्याशिवाय घास गिळत नाही, त्याला मी काय करू?”

“पिवळा आहे.”

“असू दे. पिवळा घालून जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा आकडा पुन्हा सात आला. एवढा सोडा घातला तो गेला कुठे? कंपाउंडरचं डोकं चालेना. नळी हातात धरून तो बसून राहिला.

“निळं आहे,” डॉक्टर म्हणाले.

“हो डॉक्टर.”

“हो काय? पुढचा थेंब टाक की. अर्ध्यावर का सोडतोस?”

कंपाउंडरने नळी रॅकमध्ये ठेवायला हात पुढे केला, तशी डॉक्टरांनी त्याच्या मनगटाला धरलं. त्यांच्या बोटांत अजून चांगला जोर होता. त्यांच्या आवाजात दवाखान्यातली जुनी जरब होती आणि ती ऐकून कंपाउंडरला एकदम वाटलं, की गोची त्या औषधाच्या बाटलीत असणार. बाटली जुनी झाली, पाणी उडून औषध कडक झालं. म्हणून आकडा खोटा येतोय. हे आधी कसं सुचलं नाही?

बाटली खोटी की खरी हे ताडायची रीत त्याला कुणी शिकवायला नको होती. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असं पाणी बनवायचं आणि त्याची चाचणी करायची. त्याने कपाटातून छोटा काटा काढला, पाव ग्रॅमला जरासा कमी असा खायचा सोडा तोलला आणि एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवला. याचा आकडा आठ यायला हवा. साडेसातही नाही आणि नऊही नाही. स्वतःच्या हाताने तोललेल्या वजनावर त्याचा जेवढा विश्वास होता तेवढा दुसऱ्या कशावरही नव्हता.

त्याने थेंब टाकायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. चौथ्याला रंग फिकटला. पाचव्याला पिवळा झाला.

“पाच,” कंपाउंडर म्हणाला. म्हणजे बाटलीच खोटी. त्याला हायसं वाटलं.

“निळं,” डॉक्टर म्हणाले.

खरं तर इथे थांबायला हरकत नव्हती. पण मनगटावरची ती पकड अजून जाणवत होती, म्हणून असेल, त्याने सहावा टाकला.

“निळं. पण फिकं.”

सातवा.

“हिरवट.”

आठवा. डॉक्टर पुढे वाकले. त्यांनी मान तिरकी केली, डोळे बारीक केले आणि एखाद्या रुग्णाची जीभ बघून झाल्यावर म्हणायचे तशा स्वरात म्हणाले, “हां. आता पिवळं.”

आठ. नेमके आठ.

कंपाउंडरला पाचव्या थेंबापासून आठव्यापर्यंत काहीही बदललेलं दिसलं नव्हतं. त्याला सगळं एकसारखं पिवळं दिसत होतं, नळी, खिडकीचा पडदा, डॉक्टरांचा पांढरा शर्ट.  त्याने टाकीतलं पाणी पुन्हा नव्या नळीत घेतलं. या वेळी तो नळीकडे बघत नव्हता. तो डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत थेंब टाकत होता आणि मोठ्याने मोजत होता. सात झाले, डॉक्टर नुसते मान हलवत राहिले. नऊ झाले. दहाला त्यांनी “हं” केलं. बाराव्या थेंबाला म्हणाले, “बस. झालं.”

बारा. म्हणजे दोन महिने ज्याला सोडा कमी पडतोय म्हणून तो सोडा चारत होता, त्याला सोडा आधीच जास्त झाला होता. पंपावर चढलेला पांढरा थर, काचेवरची चुन्याची पुटं, जळाल्यासारखी टोकं, सगळ्याचा अर्थ एका क्षणात लागला. रोज सकाळी न चुकता वजन करून, ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत काटेकोरपणे, त्याने ते प्रवाळ मारत आणलं होतं. आणि हा माणूस, ज्याला आपल्या लेकीचं नाव आठवत नाही, तो रोज समोर बसून खरं तेच सांगत होता. त्याला “हो डॉक्टर” म्हणून गप्प केलं जात होतं.

कंपाउंडर डॉक्टरांकडे बघत राहिला. त्या डोक्यातून किती काय काय वाहून गेलं होतं. नावं, रस्ते, वार, बायको कधी गेली ते. आणि त्या सगळ्या पुराला पुरून उरलेली ही एक नजर, निळं कुठे संपतं आणि पिवळं कुठे सुरू होतं ते नेमकं सांगणारी, ती जशीच्या तशी शाबूत होती.  प्रवाळाचं नवल त्याला चौदा वर्षं वाटत होतं. माणसाचं वाटायचं राहूनच गेलं होतं.

त्याने उठून लेकीला बाहेर बोलावलं आणि टाकीच्या पाण्यात आठच थेंब टाकलेली एक नवी नळी तिच्यासमोर धरली. “ताई, हा रंग कोणता?”

“निळा,” ती म्हणाली.

“मला पिवळा दिसतो.”

तिने नळीकडे पाहिलं, मग त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. “कधीपासून, काका?”

“मला कळलंच नाही. वर्ष झालं असेल. बायको बिचारी सदरे धुऊन धुऊन दमली.” त्याने नळी रॅकमध्ये ठेवली. “टाकी मी बिघडवली. दुसऱ्या कुणाची चूक नाही. डॉक्टर रोज सांगत होते, मीच ऐकलं नाही.”

“बाबा सांगत होते?”

“बरोबर सांगत होते. आठाला आठ. सोळा आणे.”

लेक खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. तिच्या वडिलांचं काही बरोबर निघालं हे ऐकायची तिची सवय कधीच मोडली होती. ती त्यांच्याजवळ गेली आणि तिने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. डॉक्टरांनी तो हात बाजूला सारला, कारण ती टाकीच्या आड येत होती.

“दुकानवाल्याला मी नको म्हणून कळवते,” ती म्हणाली. “पण एका अटीवर. तुम्ही डोळे दाखवून घ्यायचे.”

“आधी पाणी ताळ्यावर येऊ दे.”

“आधी डोळे.”

“ताई, पाणी घाईने खाली आणलं तर उरलंसुरलंही जाईल. रोज थोडं जुनं काढायचं, थोडं नवं घालायचं. तीन आठवडे लागतील. तोवर थेंब मी टाकतो, रंग डॉक्टर सांगतील. मग डोळे.”

तसंच झालं. रोज नऊ वाजता कंपाउंडर थेंब टाकायचा आणि डॉक्टर सांगायचे. पहिले तीन दिवस काळजीने लेकही मागे उभी राहायची आणि वडिलांनी रंग सांगितला की मान हलवून बरोबर म्हणायची. चौथ्या दिवसापासून ती आपल्या कामाला लागली. बारा, साडेअकरा, अकरा. वहीतला आकडा कूर्मगतीने उतरत होता. दहावर आला तेव्हा टोकं पांढरी होती तशीच होती, पण आणखी खाली पसरायची थांबली होती. नऊवर आला त्या आठवड्यात डॉक्टर एकदाही अकराच्या आत खुर्चीवरून उठले नाहीत. आणि साडेआठ आला त्या सकाळी कंपाउंडरने भिंग लावून पाहिलं, तर पांढऱ्या टोकांच्या कडेने बारीक बारीक तोंडं उघडली होती. मेलेल्या भागावरून ती पुन्हा चढत होती. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. पाणी ठीक झालं एवढंच त्यांना पुरेसं होतं. डॉक्टरांच्या हातात भिंग देऊन त्याने ती जागा दाखवली. दोन म्हातारे काचेला नाक लावून बराच वेळ उभे राहिले.

मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आधी उजव्या डोळ्याचं. आठ दिवस बायकोने त्याला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. पट्टी सुटली त्या दिवशी त्याने दोरीवरचा सदरा पाहिला आणि तो काही बोलायच्या आत ती म्हणाली, “बोला आता. बोला ना.” त्याने निमूट हात जोडले.

नवव्या दिवशी सकाळी तो काळा चष्मा लावून डॉक्टरांकडे गेला. टाकीसमोर उभं राहून त्याने चष्मा काढला. हे निळं तो विसरून गेला होता. असं निळं असतं, एवढं असतं, हे त्याच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. टाकीवरचा दिवा जुना झाला म्हणून तो वर्षभर कुरकुरत होता आणि दिवा बिचारा लख्ख जळत होता. प्रवाळ जांभळट नव्हतंच, ते जांभळं होतं, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला नवी वाढ आकाशी रंगाने उजळली होती. त्याला वाटलं, आपण हे सगळं आंधळ्यासारखं मोजत होतो.

मग त्याने वळून डॉक्टरांकडे पाहिलं. आणि डॉक्टर किती थकले होते ते त्याला दिसलं. कातडी कागदासारखी झाली होती, ओठांना रंग नव्हता, हनुवटीखाली दाढीचे चार केस राहून गेले होते. गेल्या वर्षभरात तो रोज त्यांच्यासमोर बसला होता आणि यातलं काहीच त्याने पाहिलं नव्हतं. 

त्याने नळी भरली. थेंब टाकायला लागला. आठवा पडला आणि पाणी पिवळं झालं. ते त्याला स्वतःला स्वच्छ दिसलं. तरी तो डॉक्टरांकडे बघत थांबला.

डॉक्टर नळीकडे बघत नव्हते. ते त्याच्या डोळ्याकडे बघत होते.

“हे काय झालं?” त्यांनी विचारलं.

“ऑपरेशन झालं, डॉक्टर. मोतीबिंदू.”

“इकडे या. उजेडाकडे तोंड करा.”

चाळीस वर्षांत डॉक्टरांनी त्याला कधी तपासलं नव्हतं. ताप आला, खोकला आला, की तो आपलं आपण औषध बांधून घ्यायचा आणि कामाला लागायचा. आता तो खुर्ची ओढून पुढे सरकला. डॉक्टरांनी एका हाताने त्याची हनुवटी धरली, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खालची पापणी अलगद ओढली. हात थरथरत नव्हता.

“वर बघा,” ते म्हणाले. “आता खाली. डावीकडे. दुखतं का?”

“नाही.”

“पाणी येतं का?”

“येतंय थोडं.”

“येणारच. काही काळजीचं कारण नाही. छान भरून येतंय.” डॉक्टरांनी हनुवटी सोडली, मागे टेकून बसले आणि पुढच्या पेशंटसाठी दाराकडे नजर टाकली. मग काहीतरी आठवल्यासारखे पुन्हा त्याच्याकडे वळले. “थेंब लिहून देतो. बाहेर आमचे कंपाउंडर असतात, त्यांच्याकडून घेऊन जा. आणि ते सांगतील तसेच घाला हं. मी एखादवेळी चुकेन, पण त्या माणसाचा हात चुकत नाही. त्याच्यामुळे तर माझं चाललंय.”

कंपाउंडर उभा राहिला. हातातल्या नळीत पिवळं पाणी हलत होतं.

“हो,” तो म्हणाला, “घेतो त्यांच्याकडून.”